स्पंजाच्या कारखान्यात मुक्काम

हाल्की नावाचं एक बेट आहे. नकाशात शोधायचं असेल तर आधी ऱ्होड्स शोधा (ग्रीसचं मोठं बेट, तुर्कस्तानच्या खालच्या कोपऱ्याला जवळजवळ चिकटलेलं) आणि त्याच्या पश्चिमेला जे कण सांडलेले दिसतील त्यातला एक कण म्हणजे हाल्की. ऱ्होड्सच्या कामिरोस स्काला नावाच्या छोट्याशा धक्क्यावरून बोट सुटते आणि तासा-सव्वातासात पोचवते. बेटावर वस्तीचं गाव एकच, एम्बोरिओ. कायमची राहणारी माणसं काहीशे. गाड्या इतक्या थोड्या की संध्याकाळी पोरं खुशाल धक्क्यावर फुटबॉल खेळतात आणि बॉल पाण्यात गेला की त्याच्यामागे एकजण उडी मारतो.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिथे चार रात्री राहून आलो. परत आल्यापासून सगळे विचारताहेत, "काय पाहिलंत?" खरं सांगायचं तर पाहिलं फार कमी. एक गाव, एक ओसाड गाव, एक किल्ला, एक समुद्रकिनारा. पण ज्या इमारतीत राहिलो तिने डोकं धरून ठेवलंय, म्हणून हा लेख. (आई, तू वाचत असशील तर: हो, जेवण व्यवस्थित मिळालं. वांग्याचे इतके प्रकार असतात हे मला माहीतच नव्हतं.)

तर इमारत. बंदराच्या एका टोकाला, अगदी पाण्याला लागून असलेली दगडी इमारत. आता हॉटेल आहे, पूर्वी स्पंजाचा कारखाना होता. भिंती जाड, आत दुपारीसुद्धा गारवा. खिडकी उघडली की खाली सरळ समुद्र, आणि पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. नवऱ्याने पहिल्या दिवशी खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाला, "कारखाना एवढा पाण्याजवळ कशाला बांधला असेल?" मग आमच्या लक्षात आलं की आपल्याला स्पंजाबद्दल काहीच माहीत नाही. लहानपणी पाटी पुसायला पत्र्याच्या डबीत ओला तुकडा असायचा, एवढीच ओळख. तोही बहुधा रबराचा.

खरा स्पंज हा प्राणी आहे. समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून बसलेला असतो, आणि आपण जो भोकाभोकांचा पिवळसर गोळा पाहतो तो त्या प्राण्याचा निव्वळ सांगाडा. जिवंत असताना त्यावर काळं, बुळबुळीत कातडं असतं. वर काढला की खलाशी तो डेकवर अनवाणी पायांनी तुडवायचे, आतला दुधासारखा रस निघून जाईपर्यंत. मग दोरीला ओवून पुन्हा समुद्रात लोंबकळत ठेवायचे, बदडायचे, धुवायचे. या सगळ्याला भयंकर वास येतो म्हणतात. कारखान्यात यायचा तो असा अर्धामुर्धा साफ केलेला माल. तिथे त्यातली वाळू, शिंपल्यांचे तुकडे काढायचे, मोठ्या कात्रीने कातरून गोल आकार द्यायचा, जातीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे निवडायचं, आणि युरोपातल्या गिऱ्हाइकाला फिकट रंग आवडतो म्हणून औषधांच्या पाण्यात बुडवून रंग उतरवायचा. पोटॅशियम परमँगनेट आणि नंतर आम्ल, असा साधारण प्रकार. कारखाना पाण्याजवळ कशाला, याचं उत्तर यात आलंच. एक गंमत म्हणजे, स्पंज वजनावर विकला जायचा, त्यामुळे आधी काढलेली वाळू पुन्हा भरायची लबाडीही या धंद्यात सर्रास चाले. आपल्याकडच्या दुधातल्या पाण्याचे हे भाऊबंद!

एका लहानशा, पाण्याचा एकही झरा नसलेल्या, जवळजवळ नापीक बेटावर (पिण्याचं पाणी म्हणजे टाक्यात साठवलेला पाऊस, नंतर ऱ्होड्सहून बोटीने आणलेलं) असे तिमजली टुमदार वाडे कुठून आले, हा प्रश्न हाल्कीला उतरल्या उतरल्या पडतो. पिवळे, गुलाबी, पांढरे, त्रिकोणी माथ्याचे, लाकडी झडपांच्या खिडक्यांचे. मोठं चर्च, त्याचा उंच घंटामनोरा, अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी. उत्तर बरंचसं एकच, स्पंज. हाल्की, शेजारची सिमी, उत्तरेकडची कालिम्नोस, या डोडेकानीस बेटांतल्या माणसांना जमिनीने काही दिलं नाही म्हणून ती समुद्राच्या तळाशी गेली.

आणि कशी गेली ते ऐका. जुनी पद्धत म्हणजे नागवा पाणबुड्या आणि एक दगड. दगड चपटा, गुळगुळीत, आठ-दहा ते पंधरा किलोचा, भोक पाडून दोरी बांधलेला. त्याला म्हणतात स्कांदालोपेत्रा. पाणबुड्याने छातीभर श्वास घ्यायचा, दगड दोन्ही हातांनी पुढे धरून बोटीवरून उडी मारायची. दगड त्याला खाली नेतो, तो दगडानेच दिशा वळवतो. तळाला पोचल्यावर स्पंज कापून जाळीत भरायचे, दोरीला हिसका द्यायचा, वरचे लोक ओढून घेतात. हे तीस मीटर खोल, म्हणजे दहा मजली इमारतीएवढं, आणि एका श्वासात. १९१३ मध्ये कार्पाथोसजवळ 'रेजिना मार्गेरिता' या इटालियन युद्धनौकेचा नांगर हरवला तेव्हा सिमीचा हाजी स्टाटी नावाचा पाणबुड्या ७० मीटरहून खोल जाऊन त्याला दोरी बांधून आला. नौदलाच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं तर किडकिडीत माणूस, कानाचे पडदे गेलेले, फुप्फुसं बिघडलेली. त्यांना विश्वासच बसेना.

या पद्धतीत धोके होतेच, पण माणूस एका श्वासापुरता खाली असायचा. खरी वाताहत झाली ती सुधारणेमुळे.

१८६० च्या दशकात या बेटांवर पाणबुड्याचा नवा पोशाख आला. रबरी कापडाचा अंगरखा, तांब्या-पितळेचं गोल शिरस्त्राण, शिशाचे जड बूट आणि वरच्या बोटीतल्या हातपंपातून नळीने येणारी हवा. ग्रीकमध्ये स्काफान्द्रो. सिमीत गोष्ट सांगतात की १८६३ मध्ये फोटिस मास्तोरिदिस याने हा पोशाख आणला, तेव्हा लोक घाबरून जवळ येईनात. मग त्याची बायको एव्जेनिया तो घालून सगळ्यांसमोर बंदरात उतरली आणि सुखरूप वर आली. झालं! बाई जाऊन आली म्हटल्यावर पुरुषांना गप्प बसणं शक्यच नव्हतं.

या पोशाखात माणूस तळावर चालू शकत होता, पाऊणपाऊण तास. आधी जिथे एका श्वासात दोन-चार स्पंज हाती लागत, तिथे आता पोतं भरत होतं. आणि अधिक खोल जाता येत होतं, चाळीस, पन्नास, कधी साठ-सत्तर मीटर. वाडे बांधले गेले ते या काळात. व्यापारी लंडन-पॅरिसशी धंदा करू लागले. कारखाने उभे राहिले.

पण खोल पाण्यात दाबाखालची हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. चाळीस मीटरवर दाब असतो जमिनीवरच्या पाचपट. माणूस हळूहळू वर आला तर तो वायू श्वासावाटे निघून जातो. झटकन वर आला तर सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर होतं तेच शरीरात होतं, बुडबुडे. ते सांध्यात अडकले तर असह्य वेदना, पाठीच्या कण्यात अडकले तर कमरेखाली सगळं लुळं, लघवीसुद्धा आपल्या ताब्यात नाही. कधी वर येऊन शिरस्त्राण काढलं, एक सिगारेट ओढली, दोन शब्द बोलला आणि कोसळला, असंही व्हायचं. पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये याचं कारण लिहून ठेवलं होतं. किती खोल, किती वेळ राहिलं तर किती टप्प्यांनी वर यायचं, याची तक्ती जॉन हॉल्डेनने ब्रिटिश नौदलासाठी १९०८ मध्ये छापली. बेटांवरचे पाणबुडे चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याच्याशिवायच उतरत होते. आणि ज्ञान छापलं गेलं म्हणून बोटीवर पोचलं असं थोडंच असतं?

शिवाय घाई होती. पोशाख एक, पाणबुडे अनेक. एकजण वर आला की तोच पोशाख दुसऱ्याने घालायचा, दिवसभर चक्र चालू. पाण्यात टप्प्याटप्प्याने लटकत बसलेला माणूस म्हणजे कप्तानाच्या दृष्टीने वाया जाणारा वेळ. आणि पाणबुड्या नाही म्हणेल तर कसा? मोसम ईस्टरनंतर सुरू व्हायचा, बोटी लिबिया-इजिप्तच्या किनाऱ्याला जायच्या त्या पाच-सहा महिन्यांनी परतायच्या. निघण्यापूर्वी प्रत्येक पाणबुड्याला उचल मिळायची, तिला म्हणत प्लातिका. त्या पैशावर मागे बायकापोरांनी हिवाळ्यापर्यंत काढायचं. म्हणजे उडी मारण्याआधीच तो कर्जात असायचा, आणि कर्ज फिटायचं ते स्पंजानेच. धोका जास्त तशी उचल मोठी, आणि काहीजण ती निघण्याआधीच दारूत आणि नाचात उडवून टाकायचे म्हणतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ऑक्टोबरात आपण चालत परत येऊ का, हे ज्याला माहीत नाही त्याने एप्रिलमध्ये बचत करावी असं सांगणारी मी कोण?

नागव्या पाणबुड्यांनी, बायकांनी, काही बेटांच्या पंचांनी या पोशाखाविरुद्ध ओरड केली. तेव्हा राज्य ऑटोमन सुलतानाचं. बंदीही आली. टिकली नाही. ज्यांच्या हातात धंदा होता त्यांना पोशाख हवा होता. कालिम्नोसला 'मिहानिकोस' नावाचा एक लोकनृत्याचा प्रकार आहे. रांगेत सगळे नाचत असतात आणि पहिला माणूस काठी टेकत, लटपटत, थरथरत्या पायांनी पावलं टाकतो. तो पंगू पाणबुड्या. गावातल्या लोकांना नाचात हे पात्र घालावंसं वाटलं, यावरून अशी माणसं रोज किती दिसत असतील याचा अंदाज करा.

याच लोकांनी जगाला एक वस्तू मिळवून दिली. 'अँटिकिथेरा यंत्र' तुमच्यापैकी बऱ्याचजणांनी वाचलं असेल, सूर्य-चंद्राच्या गती दाखवणारं, दोन हजार वर्षांपूर्वीचं काशाच्या दातेरी चाकांचं यंत्र. 'प्राचीन जगाचा कॉम्प्युटर' वगैरे मथळे येतात. ते सापडलं सिमीच्या स्पंजवाल्यांना. १९०० मध्ये दिमित्रिओस कोंडोस या कप्तानाची बोट वादळामुळे अँटिकिथेरा बेटाच्या आडोशाला थांबली. रिकामं कशाला बसा म्हणून एलियास स्टाडिआटिस खाली उतरला आणि घाबराघुबरा वर आला. तळाशी माणसांच्या आणि घोड्यांच्या प्रेतांचा ढीग आहे म्हणाला. ते पुतळे होते, एका बुडालेल्या जहाजातले. मग ग्रीक सरकारने याच पाणबुड्यांना कामाला लावलं. पंचेचाळीस-पन्नास मीटर खोल, कित्येक महिने. १९०१ मध्ये काम थांबलं तोवर त्यांच्यातला एक मेला होता आणि दोघं पंगू झाले होते. यंत्राचे तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. परतताना आम्ही मुद्दाम गेलो. तिथल्या गर्दीत सगळे त्या हिरव्या पडलेल्या चाकाचे फोटो काढत होते. मीही काढला.

इथे थोडं विषयांतर. माझे आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर परत कामावर गेले नाहीत, पण खोकला मात्र तिथला घेऊन आले आणि तो शेवटपर्यंत राहिला. त्या भागातल्या गिरण्यांचे आता मॉल झालेत. चिमणी ठेवलेली असते, खाली कॉफी मिळते. आमच्या घरातले काहीजण तिथे कधीच पाऊल टाकत नाहीत आणि काहीजण दर शनिवारी जातात, आणि दोघांनाही मी समजू शकते. हाल्कीच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर पडून समुद्राचा आवाज ऐकताना मला दोन्हीकडचं वाटत होतं. झोप मात्र उत्तम लागली, ते कशाला लपवू?

१९१२ मध्ये इटलीने ही बेटं घेतली. ते युद्ध खरं लिबियासाठी होतं. म्हणजे जिथे हे लोक स्पंज काढायला जात तो किनारा आणि त्यांचं घर, दोन्ही एकाच मालकाकडे गेली. त्याने धंदा सोपा झाला असेल असं वाटतं, पण कर आणि निर्बंधांनी तो आवळला गेला. तोवर दुसरी वाट उघडली होती. फ्लोरिडात टार्पन स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथल्या उथळ समुद्रात स्पंज असायचे, लोक बोटीतून लांब काठीच्या आकड्याने काढायचे. १९०५ मध्ये जॉन कोकोरिस नावाच्या ग्रीक माणसाने तिथे पाणबुड्याचा पोशाख आणि पाणबुडे आणले, आणि मग हाल्की, सिमी, कालिम्नोसची माणसं बोटी भरभरून गेली. कोकणातली घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची ना, तशी हाल्कीची घरं फ्लोरिडाच्या डॉलरवर चालू लागली. बंदरापासून वर डोंगरातल्या होरिओ या जुन्या गावाकडे जाणारा रस्ता त्याच पैशातून झाला, आणि त्याला नावच आहे टार्पन स्प्रिंग्ज बुलेवार्ड. नाव ऐकून रुंद, झाडांचा रस्ता डोळ्यासमोर आणू नका. डोंगरातून जाणारा काँक्रीटचा पट्टा आहे, सावली नावालासुद्धा नाही.

आम्ही त्यावरून सकाळी लवकर चालत होरिओला गेलो. चाच्यांच्या भीतीने समुद्रापासून लांब वसवलेलं गाव, डोक्यावर सेंट जॉनच्या सरदारांचा किल्ला. भीती संपली तसे लोक खाली बंदराकडे उतरले आणि गाव रिकामं झालं. छप्परं पडलेली, उंबरठे शाबूत, अंजिराचं झाड एका स्वयंपाकघरातून वर आलेलं. शेळ्या सोडल्या तर कोणी नाही.

खालचं एम्बोरिओही जवळजवळ त्याच वाटेने गेलं होतं. १९४७ मध्ये बेटं इटलीकडून ग्रीसकडे आली, पण माणसं बाहेरच राहिली. कृत्रिम स्पंज स्वस्त झाला. राहिलेल्या धंद्याचं १९८६ च्या सुमारास रोगाने कंबरडं मोडलं, भूमध्य समुद्रातले स्पंज तळावरच कुजून गेले. त्याआधी, १९८३ मध्ये, युनेस्कोच्या पुढाकाराने हाल्कीला 'तरुणांच्या शांततेचं आणि मैत्रीचं बेट' असं जाहीर केलं गेलं होतं. पडकी घरं दुरुस्त करून तिथे देशोदेशीच्या तरुणांच्या परिषदा भरवायच्या, अशी कल्पना. परिषदांचं फारसं जमलं नाही. घरं वाचली ती नंतर आलेल्या ब्रिटिश पर्यटन कंपन्यांमुळे. २०२१ मध्ये बेटावर एक मेगावॉटचं सौर वीजकेंद्र झालं, पोलिसांना विजेवर चालणारी गाडी मिळाली. (पोलिसांना तिथे जायचं कुठे असतं, हा प्रश्न मी विचारला नाही.)

आम्हाला रोज नाश्ता देणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, या इमारतीत काम करणारं कोणी तुमच्या माहितीत होतं का? म्हणाल्या, आजी इथे कातरायच्या कामाला होती, बोटांना कायम चिरा असायच्या. आणि आजोबा? त्या म्हणाल्या, "मेकॅनिक." मला वाटलं बोटींचे. मग त्यांनी हाताने डोक्याभोवती गोल दाखवला, शिरस्त्राण! पोशाख घालून उतरणाऱ्याला तिकडे असंच म्हणतात, त्या नाचाचं नावही त्यावरूनच. आजोबा फ्लोरिडाला गेले, दोन वर्षं पैसे पाठवले, मग वारले. कशाने ते घरी कधी नीट कळलं नाही. "पण पैशातून घर झालं," असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. पाण्याच्या पलीकडे, पिवळं घर, निळ्या झडपा. आता तेही उन्हाळ्यात भाड्याने देतात. मग त्यांनी विचारलं, अंडी उकडलेली हवीत की ऑम्लेट, आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

ता.क. ऱ्होड्सच्या जुन्या शहरात आईसाठी एक स्पंज घेतला. कुठला म्हणून विचारलं तर दुकानदार जरा घुटमळला आणि म्हणाला, "फ्लोरिडा." आई, वापरण्याआधी पाण्यात चांगला भिजू दे, मग लोण्यासारखा मऊ होतो. वापरून झाल्यावर धुऊन सावलीत वाळव. गरम पाण्यात उकळू नकोस, आक्रसतो.